दुसरी गोळी

लालबागच्या आमच्या चाळीत बंदूक असलेलं घर एकच होतं, आणि बंदूक चालत नसलेलं घरही तेच. यातली दुसरी गोष्ट बाबांनी तोंडानं कधी कबूल केली नाही. चाळीला ती पहिल्या वर्षापासून ठाऊक होती.

बाबा गिरणीत साचेखात्यात फिटर होते. गिरणीत मागाला साचा म्हणत. एका छपराखाली शेकडो साचे खडखडत असायचे आणि त्यातला एखादा अडखळला की बाबांना बोलावणं यायचं. ते कान लावायचे, पाना फिरवायचे, साचा चालू झाला की चिंधीला हात पुसत म्हणायचे, “झाला. आता बघूक नको.” हेच ते आमच्या स्टोव्हला म्हणायचे, शेजारणीच्या शिलाई मशीनला म्हणायचे, आणि लहानपणी माझा हात मोडला तेव्हा फळी बांधून झाल्यावर त्या हातालाही म्हणाले होते. तो हात आजही किंचित वाकडा आहे. पण बघायचं नाही असं ठरल्यामुळे घरात कुणी बघत नाही.

रायफल त्यांना गिरणीतल्या एका साहेबांकडून मिळाली. साहेब शिकारीचे शौकीन. कायमचे विलायतेला निघाले तेव्हा त्यांनी सामान वाटून टाकलं. कुणाला कपाट मिळालं, कुणाला कुत्रा मिळाला, बाबांना रायफल मिळाली. माझ्या मते कुत्रा जास्त उपयोगी होता. परवान्यासाठी कोकणातल्या आमच्या वाडीत माकडं किती नासधूस करतात याचं रसभरीत वर्णन अर्जात केलं गेलं, आणि सरकारनं ते खरं मानलं.

गोळी तिची अगदी बारकी, करंगळीच्या पेराएवढी. पण रायफल सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे काय, हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावं लागे. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढची गोळी आपोआप आत बसते; आपण नुसता चाप ओढत राहायचं, दहा गोळ्या संपेपर्यंत. ऐकायला फार सुंदर वाटायचं. प्रत्यक्षात पहिली गोळी सुटायची आणि दुसरी अर्ध्या वाटेत आडवी होऊन बसायची. मग बाबा ओटीवर मांडी घालून ती काढायचे, नवी भरायचे, आणि पुन्हा पहिलीच गोळी सुटायची.

मे महिन्यात गावी गेलं की हा सोहळा रोज सकाळी चाले. माकडं म्हणजे मारुतीची जात, त्यामुळे नेम धरायचा प्रश्नच नव्हता. हवेत बार काढून त्यांना नुसतं पळवायचं. पहिल्या वर्षी ती पळाली. दुसऱ्या वर्षी बार झाला की शेजारच्या फणसावर जाऊन बसायची आणि बाबांची खटपट बघत राहायची. पुढं पुढं तर त्यांनी फणसावर जायचंही सोडलं. आवाज झाला की जरा दचकायचं, आणि मग निवांतपणे केळी सोलायची. गावातली माणसं हसायची ते परवडलं, पण माकडांनी मोजायला शिकावं हे बाबांना फार लागलं.

बिघाडाबद्दल सल्ला देणाऱ्यांना तोटा नव्हता. फोर्टातला बंदुकीचा दुकानदार म्हणायचा, रायफल जुनी आहे, गोळ्या उत्तम आहेत. गोळ्या त्यानंच विकलेल्या होत्या. समोरच्या खोलीतले मास्तर, ज्यांनी उभ्या आयुष्यात छडीपलीकडे हत्यार धरलं नव्हतं, त्यांचं म्हणणं पडलं की बाबांचा खांदा सैल आहे. वरळी कोळीवाड्याहून मासे घेऊन येणारी मावशी पाटी उतरवत म्हणायची, “दादा, खारा वारा लोकंड खातो. आमच्या होडीचा इंजिन बघा येऊन.” हे मात्र बाबांना पटलं, कारण रायफल उघडली की आत तांबडा थर दिसायचा. गंजच तो. मग ते घासायचे, गिरणीतून नवी स्प्रिंग करून आणायचे, आणि गंज पुन्हा चढू नये म्हणून आतून खोबरेल चोपडायचे.

रायफलीचं कौतुक करण्यात आई कमी नव्हती. खंडेनवमीला पाटावर हातोडा, पाने, विळी, कात्री यांच्या मधोमध ती रायफल ठेवायची. ठेवताना उघडी ठेवायची, म्हणजे आत गोळी नाही हे चार माणसांना दिसतं, हा बाबांचाच नियम. आई कुठलीच पूजा अर्धवट करणारी बाई नव्हे. तेल, हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळं हात सैल सोडून. त्यानंतर रायफल चादरीत गुंडाळून ट्रंकेत जायची ती मे महिन्यापर्यंत, कारण पुजलेल्या हत्याराला उगीच हात लावायचा नाही, हा आईचा नियम.

मग संप सुरू झाला. साचे थांबले, आणि बाबांना बोलावणं येईना. थोड्याच दिवसांत चौकीतून निरोप आला की परवान्याची हत्यारं जमा करा. सरकारला द्यायची म्हणून बाबांनी रायफल पुरी खोलून, धुऊन कोरडी केली, चादरीत घेतली आणि निघाले, तेव्हा अर्धी चाळ गॅलरीत उभी होती. मास्तर म्हणाले, “सरकार घाबरलं हो तुम्हाला!” बाबांची मान ताठ झाली. मला हसू आवरेना. आमच्या रायफलीवर ज्याचा पूर्ण विश्वास होता असं त्या काळात एकटं सरकारच निघालं.

संप मिटला असं आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. माणसं एकेक करून गावी गेली, काही परत आली, गिरणीच्या दारावरचं कुलूप तसंच राहिलं. आई दादरला एका पोळीभाजीच्या दुकानात पोळ्या लाटू लागली. मी कॉलेज सोडून गिरगावात टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले. बाबा सकाळी वेळेवर उठून, दाढी करून, डबा नसलेल्या हातांनी खाली जायचे आणि नाक्यावर उभे राहायचे. चाळीत आता दुरुस्त करायला काही शिल्लक नव्हतं. एका आठवड्यात त्यांनी आमचा चालू स्टोव्ह दोनदा सोडवला तेव्हा आई रडली होती.

रायफल परत मिळाली आणि त्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. चौकीच्या कोठडीत ती इतका काळ पडून होती, तेलाचं बोट नाही, फडकं नाही; आत सगळा गंजच असणार असं बाबा धरून चालले होते. उघडून बघितली तर आत लख्ख. बाबांनी भरली. पहिला बार झाला. माकडं दचकली आणि सवयीनं केळी सोलायला बसली. बाबांनी चाप ओढला, आणि दुसरा बार झाला. मग तिसरा. दहाच्या दहा. माकडांचा असा विश्वासघात आमच्या वाडीत कधी झाला नव्हता. एक म्हातारं माकड तर हातातलं केळं टाकून पळालं.

बाबा मात्र हसत नव्हते. कोरड्या रायफलीत बोट फिरवून बराच वेळ बघत राहिले. मग आईला हाक मारली. “गे, हेची पूजा खंय झाली ह्या खेपेक?”

“मी काय चौकीत जाऊन पूजा करू?”

“म्हणजे झाली नाय. तू हेच्या आत काय घालतंस?”

“मी कित्याक काय घालू? तेल, कुंकू आणि अक्षता.”

“तांदूळ?”

“अक्षता म्हणतत तेका. तुमच्या हातोड्याक पण घालतंय.”

“हातोड्याक तोंड नाय गे,” बाबा म्हणाले.

तर तो गंज म्हणजे खोबरेलात कालवलेलं कुंकू होतं. दरवर्षी आई ते वाहत होती, बाबा ते घासून काढत होते, आणि गंजावर उपाय म्हणून त्यात आणखी खोबरेल ओतत होते. थंडीत ते थिजलं की त्यात अक्षतांचे दाणे खाचेत चिकटून बसत होते, आणि दुसरी गोळी त्यांना अडत होती. शेकडो साचे चालवणाऱ्या फिटरला स्वतःच्या बायकोची पूजा ओळखता आली नाही, याची आम्ही पुढं वर्षभर टर उडवली. पाटावर रायफल ठेवायची बंदी झाली. आई दुखावली आणि तिनं जाहीर केलं की हत्याराची पूजा चुकली म्हणूनच गिरणी गेली. निदान गिरणी कशानं गेली याचं तिच्याकडे एक कारण होतं. बाकीच्यांकडे तेही नव्हतं.

गिरणी गेलीच होती. बाबांची पन्नाशी जवळ आलेली, हातात दुसरं कसब नाही. बिनबंदुकीचे रखवालदार पैशाला पासरी मिळत होते. स्वतःची परवान्याची बंदूक असली तर मात्र विचारणा होई. मास्तरांनी ओळखीतून गिरगावच्या एका सराफाकडे शब्द टाकला. बाबांनी आदल्या दिवशी रायफल रॉकेलनं धुतली, पुसली, गोळी आत ढकलणारा खटका मागेपुढे करून कान लावून ऐकला. माझा क्लास तिकडेच, म्हणून मी सोबत गेले. एवढं काम मिळालं नाही तर बिऱ्हाड गावी हलवायचं, हे घरात ठरलं होतं. तिथं माकडांशिवाय कुणाला आमची गरज नव्हती.

शेट बोलायला चांगले होते. आम्हाला बसायला सांगितलं, परवाना बघितला, चहा मागवला. मग म्हणाले, “चालते का?”

याच प्रश्नासाठी बाबा इतकी वर्षं थांबले होते. “दहाच्या दहा, शेट. एक पण अडकत नाय.”

शेटनी कप खाली ठेवला. “मग अवघड आहे हो. आधीच्या गार्डच्या बंदुकीतून आपसूक बार उडाला. छताचा आरसा फुटला, दुकानात बायका-मुलं. विमेवाले म्हणतात, दारात भरलेली बंदूक पाहिजे. घरचे म्हणतात, दारात भरलेली बंदूक असेल तर आम्ही दुकानात यायचो नाही. मला दोघांनाही राजी ठेवायचंय. तुमची दुसऱ्या गोळीला अडकते असं मास्तर म्हणाले, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. रायफलीची गोष्ट चाळीबाहेरही पोचली होती हे त्यांना त्या खुर्चीत कळलं. मला त्या शेटचा राग आला, मास्तरांचा आला, आणि सगळ्यात जास्त राग वर्षभर खिदळणाऱ्या आमचा आला. उठून निघून जावं, असं मला फार वाटलं. बाबांनी बशीतला चहा संपवला.

“पहिल्या गोळीला पण अडकवता येईल, शेट,” ते म्हणाले. “ते काम माझं.”

घरी आल्यावर बाबांनी रायफल मांडीवर घेतली, उघडली आणि आईला म्हणाले, “कुंकवाचो करंडो हाड गे. तेल पण हाड.”

“आज काय खंडेनवमी आसा?”

“हाड तू.”

आईला वाटलं बंदी उठली. तिनं हौसेनं सगळं आणून मांडलं. बाबांनी खोबरेलात कुंकू कालवलं, डब्यातले तांदूळ तळहातावर घेऊन त्यातला हवा तसा एक दाणा निवडला आणि खटक्याच्या खाचेत पान्याच्या टोकानं नेमका बसवला. चाप ओढून बघितला. आत काहीच हललं नाही. त्यांनी कान लावला, पुन्हा ओढला. मग चिंधीला हात पुसले.

“झाला,” ते म्हणाले. “आता बघूक नको.”

पुढं कितीतरी वर्षं बाबा ती रायफल घेऊन त्या दारात उभे राहिले. ती एकदाही चालली नाही.