वागिराची निरगाठ

सिनेमातल्या भुताला आमची वागिरा कधी भ्याली नाही. सगळं थिएटर किंचाळत असायचं आणि ही बाई तांदळाच्या पापड्या कडाकड चावत पडद्यावर ओरडायची, "अगं, मान सरळ धर की! मेलेलं माणूस असं बघतं होय?" पुढची पोरं वळून बघायची. मी आणि आमची मैत्रीण तुतिक डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घ्यायचो.

तिला तो अधिकारच होता म्हणा. सव्वीस वर्षं गावातल्या मेलेल्या प्रत्येक बाईला तिनंच न्हाऊ घातलं, कफनात गुंडाळलं. पहिली तिची सासू. तेव्हा दुसरं कुणी पुढं येईना, म्हणून ही बसली. नवरा उसाच्या ट्रकवर गेला तो परत आलाच नाही, पोरबाळ नाही. लग्नघरात तिच्या हातात कुणी बाळ देत नसे, तांदूळ निवडायलाही बोलवत नसे. पण घरात बाई गेली की सगळ्यात आधी निरोप जायचा तो तिलाच. तेवढाच तिचा मान, आणि तो ती जिवापाड जपायची.

बुधवारी दुपारी आम्ही तिघी क्लातेन शहरात जाऊन भुताचा सिनेमा बघायचो. मग तुतिकच्या टेंपे-भज्यांच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या भज्यांच्या, गाडीवर बसून खल चालायचा. कोणी कोणता बघावा, कोणत्यात नुसतीच बोंबाबोंब आहे. तुतिकचा लाडका 'गिरणीतली जाऊ'. मला लहान मुलाचं भूत असलेले आवडतात, रडता येतं. वागिरा मात्र सिनेमा जोखायची तो कफनाच्या दोऱ्यांवरून.

"दोऱ्या पाच, गाठ डाव्या अंगाला, आणि ती सुरगाठ. ओढली की सुटली. ह्यांनी बघा कशी बांधली होती, जशी काय शेळीच बांधलीय!"

मयत खड्ड्यात कुशीवर ठेवलं की खाली उतरलेल्या पुरुषांनी त्या गाठी सोडायच्या असतात. एखादी राहिली तर मेलेलं माणूस पोचोंग होतं, तसंच गुंडाळलेलं उड्या मारत घरी येतं, "सोड, सोड" म्हणत. मशिदीतले वडीलधारे सांगतात, असलं काही नसतं. आम्हीही त्यांच्यापुढं मान डोलावतो.

त्या बुधवारी तुतिक नवीन सिनेमा सांगत होती. आमच्यात मोठ्या बाईला यू म्हणतात, म्हणजे ताई. "यू वागिरा, हा बघच. आई पोचोंग होऊन येते, कारण डोक्याकडची गाठ सोडायचीच राहते. माझं तर पाणी पाणी झालं!"

"तुझं कोंबडं बघूनही होतं," वागिरा म्हणाली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "यू, माझ्या आईच्या गाठी सोडल्या होत्या ना?"

विनार्सी, दार्मीची लेक. हातात भज्यांची बशी. कुदुसला विडीच्या कारखान्यात असते. बारा दिवसांमागं आई गेली, ही बसनं पोचेपर्यंत माती लोटून झाली होती. आईचं तोंडही दिसलं नाही.

"सोडल्या तर," वागिरा सहज बोलून गेली. "खाली खड्ड्यात म्हातारा जुमिंगान होता. तो कशाला चुकेल..."

आणि थांबली. मग माझ्याही ध्यानात आलं.

दार्मीला न्हाऊ घालताना पाणी ओतायला मी आणि तुतिकच होतो. तिथं गप्पा मारू नयेत, पण दोनच दिवसांमागं सिनेमा बघितलेला. तुतिकनं हळूच विचारलं होतं, "त्यातली गाठ चूक का म्हणालीस गं?" आणि वागिरानं, मास्तरीण असल्यासारखी, दार्मीच्या डोक्याकडची दोरी घेऊन करकचून निरगाठ मारून दाखवली होती. "ही बघ, असली. बोटानं सुटेल का?" इतक्यात बाहेरून जनाजा उचलणाऱ्यांनी घाई केली. ती गाठ सोडून पुन्हा बांधलेली मी बघितली नाही. तुतिकनंही नाही.

तुतिक माझ्याकडं बघत होती. तिची नजर सांगत होती, गप्प बस. आम्ही तिघी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळणार होतं?

वागिरा उठली. "न्दुक," म्हणाली, म्हणजे पोरी, "माझ्या हातून घात झालाय." आणि सगळं सांगितलं. सिनेमासकट. बाकावरचे तीन-चार लोक ऐकत होते. आता हिला पुन्हा कुणी घरात घेणार नाही, हे मला तिथंच कळलं, तिलाही.

मी वाट बघत होते की पोर बशी फेकून मारेल. विनार्सीनं बशी बाकावर ठेवली आणि विचारलं, "मग आई येईल?"

तुतिकच्या हातातला झारा तेलात पडला.

"येईल का, यू? किती दिवसांनी येतात?"

इतके भुताचे सिनेमे बघितले, पण भुताची अशी वाट बघणारं माणूस मी कुठल्याच सिनेमात बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघते तर दार्मीच्या घराचं दार सताड उघडं, चटईवर दोन ताटं, आणि पोर उंबऱ्याकडं तोंड करून बसलेली.

वागिरा तडक जुमिंगानकडं गेली, मला ओढत.

"ती गाठ?" तो म्हणाला. "सुटेना म्हणून सुरीनं कापली की. तुला काय झालं होतं गं त्या दिवशी, बैल बांधत होतीस का?"

मी देवाचे आभार मानले. वागिरा मात्र त्याच्या ओट्यावर मटकन बसली. "आता हे तिला मी सांगू?"

"सांग की! तुझ्यावरचा आळ गेला," जुमिंगान म्हणाला.

"म्बाह," ती म्हणाली, म्हणजे आजोबा, "काल मी तिला आई दिली. आज परत मातीत घालू?"

तरी गेली. मीही मागोमाग गेले. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "न्दुक, दोरी कापलेली होती. आई निवांत आहे. ती यायची नाही."

विनार्सी ताडकन उठली. "कशाला विचारायला गेलात तुम्ही? कुणी सांगितलं होतं?" तिनं वागिराला दोन्ही हातांनी ढकललं. सव्वीस वर्षांत त्या बाईला कुणी हात लावला नव्हता. ती भिंतीवर आदळली, पण बाहेर गेली नाही. खाली बसली.

विनार्सीही तिच्यासमोर बसली. मग पोरीनंच विचारलं, "कशी दिसत होती?"

"झोपल्यासारखी. टाचेला भेग होती, ती मी हलक्या हातानं धुतली. केसांच्या तीन वेण्या घातल्या. तिसरी नीट बसेना, केस फार आखूड होते."

"मीच कापले होते," विनार्सी म्हणाली. "लेबरानच्या ईदेला. ती नको नको म्हणत होती."

आणि मग तेरा दिवसांचं तिचं रडणं एकदमच बाहेर पडलं. मेलेल्यांना न्हाऊ घालणाऱ्या हातांनी पोरीला जवळ घ्यावं की नाही, हे वागिराला कळेना. शेवटी पोरच तिच्या मांडीवर पडली.