दोन्ही कान सारखे

औरंगपुऱ्यातल्या फोटोच्या दुकानात माझे डोळे गेले, असं मी म्हणते. डॉक्टर म्हणतात, वय झालं. वीसेक वर्षं मी तिथं एकच काम केलं, लहान फोटो मोठे करायचं. शहर पैठण रस्त्यानं वाढत होतं, दुष्काळाला कंटाळलेली माणसं येत होती. नव्या खोल्यांना नव्या भिंती होत्या आणि भिंतीवर लावायला देवाघरी गेलेली माणसं होती. त्यांचे फोटो नखाएवढे. "जसाच्या तसा मोठा करा, फुटून धुरकट व्हायला नको," असं जो तो सांगायचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्या वर्षांत कुणाला शिकवायची गरज नव्हती. फोटोच्या बाबतीत मात्र कुणी ऐकायचं नाही. मग मी पोहरा भरून द्यायचे.

ही कला मी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोटोवर शिकले. ते वारले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर शिक्का. मी कॉम्प्युटरवर उजवी बाजू उचलली आणि उलटी करून डावीकडे बसवली. शेजारी म्हणाले, आता बोलतील बघा. आईनं हार घातला. ओळखपत्र पुढं कुठं गेलं, कुणी शोधलंही नाही. तेव्हापासून अर्धा चेहरा मिळाला की उरलेला अर्धा मी त्यातूनच काढत आले.

एका उन्हाळ्यात नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं. पहाटे पाणी भरून मी दुकानात यायचे ती दमूनच. तेव्हा चितेगावच्या एका कंपनीत झाडलोट करणारी बाई आली. तिच्या मोबाइलमध्ये दहा-बारा माणसांचा फोटो होता. मेंढरं विकल्यावर तिचा नवरा जनावरांच्या छावणीवर मजुरीला लागला होता, तिथं कुणीतरी काढलेला. तो मागच्या रांगेत, तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं, त्यातल्या अर्ध्यावर पत्र्याची सावली. वर्षश्राद्धाला मोठा फोटो हवा होता.

"दुसरा फोटू नाय," ती म्हणाली. "पोरगी दोन वर्साची व्हती तो गेला तवा. तिला बाप ह्याच्यातच बघायचाय."

मी नेहमीची युक्ती केली. चेहरा छान उजळ आला, मलाच बरं वाटलं.

फोटो न्यायला आली तेव्हा ती रडेल असं मी धरून चालले होते, सगळेच रडतात. ती रडली नाही. सावलीतून मी बाहेर काढलेल्या कानावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यो कान सारका केला व्हय ताई? ह्याची पाळी तुटल्याली व्हती. मेंढ्यानं शिंग मारलं व्हतं. पोरगी खांद्यावर बसली की तिथंच धरायची."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मान मोडून केलेलं काम होतं. "अहो, तिथं अंधार आहे, काहीच दिसत नाही," मी म्हटलं.

"मंग अंधारच ऱ्हाऊ द्या. तिथं काय व्हतं ते मी सांगन तिला."

मी सावली परत टाकली. चेहरा धूसर झाला, अर्धा काळा. तिनं तो पदरात गुंडाळून नेला.

घरी आले तेव्हा आई वडिलांच्या फोटोची काच पुसत होती. मी विचारलं, "आई, दादा असेच दिसायचे का गं?"

ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "नाही. डावा डोळा बारीक होता त्यांचा. हसले की अजून बारीक व्हायचा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू लई जीव लावून केलं होतंस, बाई. तुझं मन मोडवलं नाही."

मी फोटोसमोर उभी राहिले. दोन सारखे डोळे माझ्याकडे बघत होते. तो बारीक डोळा आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवला नाही.