आसावरीताईंची एकवीस आवर्तनं

लंडनमधल्या एजवेअरच्या आसावरीताईंचा खोकला अकरा वर्षांचा, घरात पाळल्यासारखा. बसमध्ये त्यांच्या आसपास कुणी बसत नसे, त्यामुळे कमलाकररावांना पाय पसरायला मिळत, एवढाच काय तो त्याचा फायदा. पण मंडळात गणेश जयंतीला अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं होत आणि ताईंना तिसऱ्यालाच तोंडाला पदर लावून बाहेर कॉरिडॉरमध्ये जावं लागे. एकदा तरी एकवीस पुरी होऊ देत, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं.

खोकल्याच्या क्लिनिकमधला डॉक्टर कुश इथेच जन्मलेला. मराठी मोडकं, पण बोलायचा मन लावून.

"काकू, एक आहे मॉर्फिनचा अगदी छोटा डोस. पण कॉन्स्टिपेशन होतो."

"ते खातं आमच्याकडे ह्यांच्याकडे आहे," ताई म्हणाल्या. कमलाकरराव खिडकीबाहेर बघू लागले.

"दुसरा, नसांचा गोळी. त्याने चक्कर येते."

"रोज प्रदक्षिणा घालते रे मी. पडले तर देव्हाऱ्यावरच पडेन."

"मग ट्रायलमधला नवीन गोळी. खोकला बराच कमी होऊ शकतो, पण चव जातो. गोळी थांबवला की चव बहुतेक परत येतो."

"चालेल की. नैवेद्य मी चाळीस वर्षं न चाखताच करतेय."

"आणि बाकीचे दिवस?" कमलाकररावांनी विचारलं. तोवर ताईंनी ट्रायलच्या कागदावर सही केली होती.

महिन्याभरात खोकला पळाला. जिभेला मात्र सगळंच लोखंडासारखं लागायला लागलं. आमटी चाखावी तर अळणी, म्हणून मीठ; पुन्हा चाखावी, पुन्हा मीठ. कमलाकरराव पाण्याचा जग घेऊनच जेवायला बसत. संकष्टीला चाखायचा प्रश्नच नव्हता. सगळं हाताच्या अंदाजानं, आणि वरणापासून मोदकापर्यंत एक पदार्थ बिघडला नाही.

पाचवा मोदक फोडत ते म्हणाले, "अगं, तू रोजच नैवेद्य का दाखवत नाहीस?"

गणेश जयंतीला ताई दाराशी न बसता मधोमध बसल्या. तिसरं आवर्तन गेलं, दहावं गेलं. एकविसावंही पुरं झालं, एक ठसकाही न लागता. मग प्रसादाचा मोदक हातावर आला. डोळे मिटून त्यांनी गूळ शोधला, पुन्हा शोधला. किल्ली चघळल्यासारखं लागलं. त्यांनी तो शेवटपर्यंत खाल्ला.

पुढच्या भेटीला कुशनं फॉर्म काढला. चवीचा त्रास किती, शून्य ते दहा?

"आठ लिही."

"आठ खूप आहे, काकू. मग थांबवू या?"

कमलाकरराव खुर्चीत पुढे सरकले.

"नको, चालू ठेव. गूळ कसा लागतो ते मला आठवतंय. एकवीस आवर्तनं नुसती आठवून होत नाहीत बाबा, त्यांना छातीत दम असावा लागतो."

कमलाकररावांची मागणी मात्र लगेच मान्य झाली. आता रोज नैवेद्य असतो, आणि स्वयंपाक असा की शेजारणी वाटी घेऊन येतात. फक्त पूर्वी एका कडव्यात खोकला यायचा आणि आरती तिथेच आटपायची. आता पाचही आरत्या, सगळ्या कडव्यांसकट, वर मंत्रपुष्पांजली. कमलाकरराव पावणेतीनला जेवतात.