विमलबाईंच्या भिंतीवरचं पाखरू

आमच्या शाळेच्या खिचडीच्या खोलीत भांडी रोज रिकामी होतात. किस्से मात्र साचतच जातात. सिंदेवाहीजवळच्या गावात आम्ही तिघी रांधतो: मी, विमलबाई आणि शबानाबाई. हे किस्से विमलबाईंच्या पाखराचे.

*

विमलबाईंची लेक प्रतीक्षा नागपूरला कॉलेजात, जेवायला मेस. किड्या-पाखरांचा तिला भारी नाद. नागपूरला जाण्यावरून मायलेकींचं वाजलं आणि दोन महिने बोलणं बंद! एक दिवस विमलबाईंना न्हाणीच्या भिंतीवर इवलंसं राखी पाखरू दिसलं, दिव्यावर येतं तसलं. फोटो काढून लेकीला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

दुपारी उत्तर आलं, “किती मोठं?”

तेवढा मेसेज विमलबाईंनी आम्हाला चार वेळा वाचून दाखवला!

*

त्यांनी लिहिलं, “तांदळाएवढं.”

“कोणत्या तांदळाएवढं?”

झाली पंचाईत! आमच्या धानाच्या मुलखात तांदूळ काय एक आहे? शबानाबाई म्हणाल्या, “बारीक लिही.” मी म्हटलं, “नाई व, ठोकळ!” या वादात डाळ बुडाला लागली. शेवटी विमलबाईंनी घरी जाऊन पाखराशेजारी दोन्ही दाणे धरले आणि फोटो पाठवला.

*

पुढचा प्रश्न, “पंख कसे मिटते?”

“आपल्या सपरीच्या छपरावानी. दोन्हीकडून उतरते.”

लेकीनं पहिल्यांदा हसरं तोंड पाठवलं.

*

शबानाबाई एकदा त्यांच्या घरी गेल्या आणि पाखरू दिसताच झाडू उगारला. विमलबाई ओरडल्या, “मारू नको! त्याच्याच्यानं पोरगी बोलून राह्यली!”

*

मग प्रतीक्षाला पाखराचं नाव सापडलं. इंग्रजीत, हातभर लांब. शबानाबाई म्हणाल्या, “एवढंसं पाखरू अन् एवढं नाव! उडते कसं?”

आम्ही हसलो. पण नाव सापडलं आणि मेसेज थांबले. विमलबाई आठवडाभर भिंतींवर नवं पाखरू शोधत फिरल्या.

*

परवा सकाळी चुलीवर डाळ होती, तेव्हा फोन वाजला. प्रतीक्षाचा फोटो! तिच्या मनगटावर पिवळं पाखरू. खाली लिहिलेलं, “आई, हे ओळख.”

विमलबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. पाखराकडे पाहिलंच नाही. मनगटाजवळ आडवा, तांबूस चट्टा होता, भात रांधून आम्हा तिघींच्या हातावर पडलाय तसा.

त्यांनी सरळ फोन लावला. भांडणानंतर पहिल्यांदा.

“पेज काढताना पोळलं न व?”

पलीकडून प्रतीक्षाचा आवाज आला, “तुले कसं समजलं?”

“ते राहू दे. मेस काऊन सोडली, सांग.”

फोन कानाला लावूनच त्या बाहेर गेल्या. जेवणाची घंटा झाली, पोरं ताटं घेऊन बसली. वाढायला आम्ही दोघीच होतो.