जिन्यात बसलेला बाप

डंडी या स्कॉटिश शहरातल्या तागाच्या गिरण्या जोरात होत्या, तेव्हाची गोष्ट. बाया स्वस्तात राबतात हे मालकांनी बरोबर हेरलं होतं, म्हणून बायका गिरणीत आणि नवरे घरी. चूल, झाडलोट, पोरं, सगळं पुरुषांकडे. अशा घरी बसून चहाची किटली ठेवणाऱ्या नवऱ्याला गल्ली 'किटलीवाला' म्हणून चिडवायची. इशबेलचा बाप किटलीवालाच. विद्यापीठात मात्र ती हे कुणाला सांगत नसे.

विद्यापीठानंच तिला काम दिलं होतं. घरच्यांमुळे मूल कसं घडतं याचा तिथं शोध चालला होता. इशबेलनं घरोघरी जायचं, कोपऱ्यात गप्प बसायचं आणि रडताना, पडताना मूल आईकडे कसं वळतं ते टिपून आणायचं.

एफीच्या घरी दोन भेटी झाल्या. त्या दिवशी एफी गिरणीत खाडा करायची आणि रविवारचा झगा घालून खुर्चीत ताठ बसायची. तिची चार वर्षांची पोर नेटा तिच्याकडे फिरकायची नाही. मूल आईला धरून नाही, असं इशबेलनं दोन्ही वेळा टिपलं. तिसऱ्यांदाही तेच निघालं तर घराला वाईट शेरा बसणार, मग पोर नीट सांभाळतात का याची चौकशी करणाऱ्या बाया दारात. एफीच्या कानावर ते आलं होतं. तिला झोप नव्हती.

तिसऱ्या भेटीत नेटाचं बोट दारात चेंगरलं. एफीनं हात पसरले. पोरगी तिला वळसा घालून जिन्यात पळाली.

इशबेल मागोमाग गेली. खालच्या पायरीवर एफीचा नवरा वॉटी बसला होता. नेटानं त्याच्या कोटात तोंड खुपसलं होतं आणि तो तिच्या बोटावर हळूहळू फुंकर घालत होता. त्याच्या बाहीला तंबाखूचा आणि धुण्याच्या सोड्याचा वास होता. इशबेलचं सगळं लहानपण त्याच वासात गेलं होतं.

तिनं विचारलं, "वर का नाही बसत?"

"तुम्ही आईला बघायला येता ना, बाई. माझं काय काम तिथं?"

वरून एफी म्हणाली, "मीच घालवते त्याला. घरात किटलीवाला आहे हे तुमच्या कागदावर कशाला जायला हवं?"

"माझ्याही घरी होता," इशबेल म्हणाली. "वेणी तोच घालायचा. आईपेक्षा चांगली."

एफी कठड्याला टेकली. "म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की हो. आधी बोलायचं होतंत. मी मेली फुकट खाडे करत बसले."

इशबेलनं विद्यापीठातल्या साहेबांना सगळं सांगितलं, स्वतःच्या बापासकट. साहेब चिडले. एका घरी बाप आणि बाकी घरी आई बघितली, तर तुलना कशाची करायची? त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांनी ते घर अभ्यासातून काढलं. शेराही त्याबरोबर गेला.

हे सांगायला ती गेली तेव्हा एफी गिरणीत होती. दार वॉटीनं उघडलं. नेटाची अर्धी वेणी त्याच्या मुठीत होती.

"बसा," तो म्हणाला, "एवढी घालतो आणि किटली ठेवतो."

इशबेल बसली. टिपायला आता काही नव्हतं. तो पेड घालत होता आणि तिचा हात आपसूक स्वतःच्या केसांवर गेला.