आईची बाजू

मी सहा-सात वर्षांची असताना बाबा जंगलातल्या बेज्जूर गावी एका सरकारी कचेरीत कारकून होते. आई, मी आणि धाकटा भाऊ आदिलाबादला राहायचो. दोन बस बदलून यायचं तर दिवस जायचा, म्हणून बाबा महिन्यातून एकदाच येत. आईला वाचता येत नव्हतं. सुरुवातीला त्यांची पत्रं शेजारच्या मास्तरीणबाई वाचून दाखवत, पण आईला ते नकोसं व्हायचं. "माया घरची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून काऊन ऐकावं?" असं ती एकदा म्हणाली आणि बाबांनी दोन जुने टेपरेकॉर्डर घेतले, एक तिथं ठेवायला, एक इथं.

मग पत्रांऐवजी कॅसेटी येऊ लागल्या. ओळखीचा बस ड्रायव्हर त्या आणून द्यायचा. एका बाजूला बाबा बोललेले असायचे, दुसऱ्या बाजूला आई उत्तर भरायची आणि तीच कॅसेट परत जायची. पुढच्या खेपेला जुन्या बोलण्यावरच नवं बोलणं चढायचं.

दुपारी आई दार लोटून टेप लावायची. "जयभीम. मी इथं पडवीत बसून राह्यलो," असा बाबांचा आवाज यायचा. सागाची पानं पडताना कसा आवाज होतो, प्राणहितेला पाणी चढलं की गावात रात्रभर कशी घरघर ऐकू येते, अस्वल मोहाच्या झाडाखाली बसून माणसासारखं कसं खातं, असं ते हळूहळू, थांबत थांबत सांगत. मागं कुठं तरी बैलाच्या गळ्यातली घंटी वाजायची. भाऊ आणि मी गोधडीवर पडल्या पडल्या त्या जंगलात शिरायचो आणि तिथंच कधी तरी झोपून जायचो. खरे बाबा घरी आले की आंघोळ करत, जेवत, पेपर उघडून बसत. फारसं बोलत नसत. मला तर वाटायचं, आपल्याला दोन बाबा आहेत.

पुढं त्यांची बदली आदिलाबादला झाली. टेप बंद पडला, कॅसेटी पत्र्याच्या पेटीत गेल्या. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी एका शाळेत शिकवत होते. एकदा पेटी उघडली तर पाचच कॅसेटी उरल्या होत्या आणि फितीवर पांढरी बुरशी चढलेली. स्टेशनच्या रस्त्यावर एका जुन्या रेडिओ मेकॅनिकनं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. कॅसेटवरचं सीडीवर जाळून देतो म्हणाला. उतरवण्याला त्याचा तोच शब्द होता.

मी घरी तसंच सांगितलं. आई हातातलं टाकून उठली.

"जाळून? काऊन जाळतं वो? राहू दे ना पेटीत!"

तिची समजूत काढायला वेळ लागला.

कॅसेटींवरची नावं पुसट झाली होती. आधीची कोणती, नंतरची कोणती, ते ओळखायला बाबा माझ्याबरोबर आले. चपला बाहेर काढायच्या, असा दुकानाचा नियम होता. आत हिरवा पडदा आणि अर्धा अंधार. कापसाचे दिवस होते. मार्केटकडं जाणाऱ्या गाड्यांतून उडालेले तंतू पडद्याच्या फटीतून आत येत आणि उन्हाच्या एका पट्टीत तरंगत राहत. मेकॅनिकनं टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली. कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ ती वाजवावी लागणार होती.

बाबांचा पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज सुरू झाला. बाबा खुर्चीत अवघडून बसले. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "लय बोलते हा माणूस."

अशा चार कॅसेटी दोन दुपारींत झाल्या. त्यांतल्या आईच्या बाजूंवर बाबांनी तेव्हाच ऐकलेली, त्यांना पाठ असलेली उत्तरं होती. पाचवी मेकॅनिकनं उलटली आणि आईचा आवाज आला. कोवळा, तिथं बसलेल्या माझ्याच आवाजासारखा.

"जयभीम. पोरं बरी हायेत. तुमी दर खेपेले विचारता, काय पाठवू म्हणून. काही नोका पाठवू. एक सांगतो, राग नोका धरू. या डब्यात तुमी किती बोलता. घरी आले का पेपर घेऊन बसता. नदीचं सांगता ना, तसं समोर बसून सांगत जा. मी आयकतो. मले लय आवडते."

मग काही तरी पडल्याचा आवाज आला, "पोट्टी उठली वाटते" आणि खट्.

"हे मी आयकलं नाही," बाबा म्हणाले. "बदलीचा हुकूम आला होता तवा. मीच आलो. कॅसेट इथंच राहून गेली."

मेकॅनिकनं विचारलं, "साब, ये भी डालूँ?" बाबांनी होकारार्थी मान हलवली. "अब आधा घंटा कोई हिलना मत," तो म्हणाला. आदल्या दिवशी लाइट गेल्यामुळं एक सीडी वाया गेली होती आणि आता जरासा धक्का लागला तरी ही बिघडेल, अशी त्याला धास्ती होती. आम्ही तिघं हललो नाही. यंत्रातून भुंग्यासारखा बारीक आवाज येत होता. बाबांच्या बाहीवर कापसाचा एक तंतू येऊन बसला, तोही त्यांनी झटकला नाही. मला डुलकी लागल्यासारखं होत होतं आणि आपण कोणत्या सालात आहोत, ते नीट कळत नव्हतं. मग ट्रे बाहेर आला. सीडी हाताला गरम लागली.

संध्याकाळी बाबा पेपर न घेता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसले. आई वांगी चिरत होती.

"तू म्हणत होती ना, समोर बसून बोला म्हणून?"

"कवा?"

"पंधरा वर्षं झाली."

आईनं विळीवरचा हात थांबवला. तिला आठवायला वेळ लागला. आठवलं तशी ती खाली बघून हसली.

"मंग आता काय बोलता?"

बाबा दुकानाचंच सांगू लागले. हिरवा पडदा, गरम सीडी, मेकॅनिक कसा श्वास धरून बसतो. आधी अडखळत, मग सावकाश. आई मधेमधे "असं?" म्हणत होती. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होते. लाल पेन हातात तसंच राहिलं होतं.

तेव्हापासून ते रोज तिथं बसू लागले. काही दिवशी बोलत, काही दिवशी नुसतेच लसूण सोलत.

सीडी वाजवायला आमच्याकडं काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी प्लेअर आला तेव्हा आई बाबांचं सगळं ऐकत बसली. तिची स्वतःची बाजू सुरू झाली, तशी मात्र उठली.

"ही कोण बाई हाय?" म्हणाली, आणि हसत हसत वाळवण काढायला गच्चीवर गेली.