धोंडीमामांचा अंगठा

धोंडीमामा उकळत्या कढईतला थेंब पळीने डाव्या अंगठ्याच्या नखावर घेत. त्यावर फुंकर मारत, नख उजेडाकडे तिरपं धरत आणि थेंबावर बारीक साय धरलेली दिसली की ओरडत, "सोडा!" मग खालची तोटी उघडली जाई आणि कढईतलं कढत पाणी हौदात निवायला जाई. दुसऱ्या दिवशी हौदात सुईसारखे लखलखीत खडे तयार. पहिल्या दिवशी हे पाहून माझाच अंगठा चुरचुरला. मामा म्हणाले, "मास्तर, तुमी कशाला त्वांड वाकडं करता? नख माजं हाय."

मास्तर मी तेव्हा झालो नव्हतो. पुण्यात एम. एस्सी. करत होतो. पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला तेव्हा कारखाने थोडे आणि शेतंच जास्त होती. आमच्या विभागप्रमुखांनी नवीनच टूम काढली होती: रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने चार महिने एखाद्या कारखान्यात काम करायचं, तिथल्या नोंदींचा तक्ता करायचा आणि ज्या कामगाराच्या हाताखाली काम केलं त्याची सही आणायची. "साहेबाची सही नको," ते म्हणाले, "साहेब न वाचता सही करतात." सहीशिवाय प्रबंध स्वीकारला जाणार नव्हता. माझ्या वाट्याला चिंचवड स्टेशनपासून दोन मैलांवरची एक पत्र्याची शेड आली. तिथे जुलाबाचं मीठ बनत असे. आई शेजारीपाजारी सांगत सुटली होती की मुलगा संशोधन करतो. कसलं, ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

काम सोपं होतं. द्रावणात काचेचा काडीसारखा घनतामापक सोडायचा, किती आकड्याला कढई सोडायला हवी ते लिहायचं आणि मामांनी ती प्रत्यक्षात कधी सोडली तेही शेजारी लिहायचं. "मोजायचं, बोलायचं नाही," असा विभागप्रमुखांचा दंडक होता. मालकांचं बोलणं जास्त सरळ होतं. मामा नसताना ते मला म्हणाले, "ते नख या काडीपुढे चुकतं असं दिसलं, तर त्याला पगार कशाला द्यायचा?" तेव्हापासून ती काडी हातात धरायला मला जड वाटू लागली.

मामा मूळचे गुळवे. खेडकडच्या गुऱ्हाळांवर त्यांनी वीस वर्षं रसाच्या कढया उतरवल्या होत्या. "गूळ काय नि मीठ काय, येळ वळकाया पायजे," म्हणायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. एक कढई सुटली की भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढत, एवढाच त्यांचा हिशेब. दुपारी भाकरीचा चतकोर माझ्या हातावर ठेवून विचारत, "आज काडी काय म्हनती?" मी सांगे, "तुम्ही म्हणता तेच म्हणते." मग खूश होऊन म्हणत, "शानी हाय."

एका मंगळवारी मामा अंगात ताप घेऊन कामावर आले. थेंब घेत होते, फुंकर मारत होते, पण "सोडा" म्हणेनात. माझ्या काडीने कधीच आकडा गाठला होता. मी काडीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि गप्प बसलो. विभागप्रमुखांचा दंडक सोयीचा पडला. खरं कारण असं की, चार माणसांत त्यांना चूक दाखवायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी हौदात खडे नव्हतेच, सगळी मिळून एकच शिळा झाली होती. मामांनी पहार घेतली आणि दिवसभर एकट्याने ती फोडली. मदतीला गेलो तर म्हणाले, "सरा बाजूला. ह्ये माजं हाय."

मुदत संपत आली तसा मी तक्ता केला. त्यात चाळीस कढया होत्या आणि चाळीसही ठिकाणी नख आणि काडी यांचं एकमत होतं. तो मंगळवार मी गाळला होता. माझ्या मते मी मोठं पुण्याचं काम केलं होतं. मामांना तक्ता वाचून दाखवला आणि शाईची गादी पुढे केली. मामा उठले, भिंतीपाशी गेले आणि बोट ठेवत ठेवत मी आल्यापासूनच्या रेघा मोजून परत आले.

"माज्या येक्केचाळीस हायती."

"मामा, तो मंगळवार लिहिला तर मालक तुम्हाला घरी बसवतील."

"बसवू द्या की. चाळीस कढया बराबर सुटल्या त्या माज्या, आन बिघाडली तीबी माजीच. ती येक काडून टाकली तर बाकीच्या माज्या हायती म्हून कोन मानंल?"

मला माझीच लाज वाटली. मी मंगळवार लिहिला आणि त्याच्यापुढे हेही लिहिलं की, मोजणाऱ्याने आकडा पाहूनही सांगितलं नाही. मामांनी तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली, मान डोलावली आणि अंगठा उठवला. वर्षानुवर्षं कढया हाताळून निबर झालेला तो अंगठा. कागदावर नुसता शाईचा डाग पडला.

तक्ता वाचून मालकांनी मामांना बोलावलं. उद्यापासून काडी लावायची, म्हणाले. मामांनी शांतपणे विचारलं, "काडी बघाया मानूस लागंल का न्हाई? मंग मीच शिकतो की." मालकांनी एक महिन्याची मुदत दिली.

माझे मित्र प्रबंध लिहायला बसले आणि मी महिनाभर रोज सकाळच्या लोणावळा गाडीने चिंचवडला जात राहिलो. रेघांच्याच भिंतीवर, रेघांच्याच कोळशाने मामा पंचावन्नाव्या वर्षी आकडे शिकले. सात त्यांचा कायम उलटा पडे. महिना संपला त्या दिवशी मालक स्वतः कढईपाशी येऊन उभे राहिले. मामांनी आधी नखावर थेंब घेतला, मग काडी पाहून आकडा सांगितला आणि तो बरोबर निघाला. मालक म्हणाले, "आता नख कशाला?" मामा म्हणाले, "काडी नवी हाय, सायेब. खात्री केल्याली बरी."

त्यांची नोकरी राहिली, मला पदवी मिळाली आणि दोन वर्षांनी मी खरंच मास्तर झालो. आता मीच मुलांना त्या शेडमध्ये पाठवतो. गेल्या आठवड्यात आमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी तक्ता घेऊन आला. तक्ता देखणा होता, एकही आकडा चुकलेला नव्हता. अंगठ्याची जागा मात्र कोरी होती.

"सर, ते म्हातारे अडून बसलेत. म्हणतात, समदंच बराबर, मंग ह्यो कागद कुनाचा?"

मी तक्ता खाली ठेवला. "खरं सांग, किती कढया गाळल्यास?"

त्याने तक्ता उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "दोन."

"सकाळी लोणावळा गाडी आहे," मी म्हणालो. "त्या दोन लिही आणि अंगठा घेऊन ये."